धातूवर आयन का टिकतो?

धातूची स्वच्छ पट्टी मिठाच्या पाण्यात बुडवून तिला विभव दिला, की द्रावणातले आयन तिच्या पृष्ठभागापाशी गोळा होतात. या अधिशोषणाचे कारण काय, याची दोन उत्तरे विद्युतरसायनात शंभराहून अधिक वर्षे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एक उत्तर सांगते की हे सगळे विजेचे काम आहे: धातूवर एक भार, आयनावर विरुद्ध भार, आणि त्यांतले आकर्षण. दुसरे सांगते की आकर्षण आयनाला फार तर जवळ आणते. पृष्ठभागावर तो टिकतो की नाही, हे त्या आयनाच्या आणि त्या धातूच्या रासायनिक स्वभावावर ठरते. माझा कौल उघडपणे दुसऱ्या उत्तराला आहे. पण पहिल्याची बाजू इतकी भक्कम आहे की तिला नुसता हात लावून पुढे जाणे अन्यायाचे होईल. म्हणून आपल्याकडच्या जुन्या वादपद्धतीने आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो आणि मग उत्तर देतो.

पूर्वपक्ष : रसायनाकडे धाव घेण्याआधी साध्या विजेने किती भागते ते तरी पाहा. धातूवर जितका भार असेल तितकाच विरुद्ध भार द्रावणाच्या बाजूला रेणूभर अंतरावर थर करून उभा राहतो, ही कल्पना हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच मांडली. 1910 साली गुईने आणि 1913 साली चॅपमनने तिच्यात उष्णतेची चळवळ मिसळली. आयन काही कवायतीला उभे नसतात. विजेची ओढ त्यांना पृष्ठभागाकडे खेचते आणि उष्णता त्यांना पांगवते, आणि या ओढाताणीतून एक विखुरलेला थर तयार होतो. त्याची जाडी गणिताने काढता येते. एकेका भाराच्या आयनांचे 1 मोलर द्रावण असेल तर सुमारे 0.3 नॅनोमीटर, तेच हजारपट विरल केले तर जवळजवळ 10 नॅनोमीटर. या गणितात आयनाचे नाव कुठेच येत नाही, येतो तो फक्त त्याचा भार आणि त्याची संहती. आणि गणित प्रयोगाला उतरते. अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात डेव्हिड ग्रॅहॅमने सोडियम फ्लोराइडच्या विरल द्रावणात पाऱ्याची धारिता मोजली, तेव्हा पाऱ्यावरचा भार शून्य होतो त्या विभवाला धारितेत खोल दरी दिसली. ती दरी तिथेच असणार, हे सिद्धान्ताने आधीच सांगून ठेवले होते. एका नियमाने काम भागत असताना प्रत्येक आयनासाठी निराळे कारण शोधत बसलात, तर हाती विज्ञान लागणार नाही, नुसती नोंदवही लागेल.

उत्तरपक्ष : फ्लोराइडची साक्ष खरी आहे. पण साक्षीदार तुम्ही पारखून निवडला आहे. हॅलाइडांमध्ये फ्लोराइड सर्वांत लहान आणि पाण्याला सर्वांत घट्ट धरून राहणारा. एक मोल फ्लोराइडचे आयन पाण्यात शिरताना सुमारे 500 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. आयोडाइडच्या बाबतीत हाच आकडा 300 च्या आसपास आहे. आपल्याभोवतीचे पाणी फ्लोराइड सोडतच नाही, त्यामुळे तो धातूला थेट भिडत नाही, आणि म्हणूनच तो तुमच्या गणितातल्या निनावी आयनासारखा वागतो. त्याच्या जागी आयोडाइड आणा आणि प्रयोग तोच करा. पाऱ्यावर तो करणे विशेष सोयीचे, कारण काचेच्या केसासारख्या बारीक नळीतून पाऱ्याचा थेंब काही सेकंदांनी गळून पडतो आणि दर वेळी कोरा, गुळगुळीत पृष्ठभाग हाती येतो. पाऱ्याचा पृष्ठताण विभवानुसार बदलतो हे लिपमनने 1875 साली दाखवले. पृष्ठताणाचा आलेख काढला तर तो उपड्या वाडग्यासारखा येतो. त्याच्या कोणत्याही बिंदूपाशी जो उतार, तोच पाऱ्यावरचा भार. माथ्यावर उतार शून्य, म्हणजे तिथे भारही शून्य. पुढे गुईनेच, तुमच्याच गुईने, निरनिराळे क्षार घेऊन असे आलेख काढले. ऋण विभवाच्या बाजूला सगळे आलेख एकमेकांवर चपखल बसले. धन बाजूला मात्र ते फाटले, आणि तेही क्रमाने: क्लोराइडचा आलेख थोडा खाली, ब्रोमाइडचा त्याहून खाली, आयोडाइडचा सर्वांत खाली. भार तिघांचाही एकच आहे. मग हा क्रम आला कुठून?

वाडग्याचा माथा कुठे येतो, हे त्याहून बोलके आहे. ग्रॅहॅमने 1947 साली दिलेले आकडे नॉर्मल कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या तुलनेत असे आहेत. सोडियम फ्लोराइडमध्ये पाऱ्याचा शून्यभार विभव उणे 0.47 व्होल्ट, आणि द्रावण 1 मोलर असो वा 0.1 मोलर, तो जागचा हलत नाही. पोटॅशियम आयोडाइडमध्ये 0.01 मोलरला तो उणे 0.66, 0.1 मोलरला उणे 0.72 आणि 1 मोलरला उणे 0.82 व्होल्ट. संहती दहापट वाढली की माथा ऋण बाजूला आणखी घसरतो. एसिन आणि मार्कोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. त्याचा अर्थ सरळ आहे. पाऱ्यावर काडीचाही भार नसताना आयोडाइड तिथे हजर आहे, आणि द्रावणात तो जितका जास्त तितकी त्याची हजेरी दाट आहे. आकर्षणासाठी समोर विरुद्ध भार लागतो. इथे समोर भारच नाही. शून्याच्या थोडे पलीकडे, पारा ऋण झाल्यावरही आयोडाइड पूर्णपणे उठत नाही; सजातीय भाराचा धक्का सोसून बसून राहतो. याहून विलक्षण गोष्ट धन बाजूला घडते. पारा जसजसा धन होतो तसतसा ब्रोमाइड इतक्या संख्येने पृष्ठभागावर चढतो की त्याचा एकूण ऋणभार पाऱ्याच्या धनभारापेक्षा जास्त भरतो. हा जादा ऋणभार फेडायला बाहेरच्या थरात पोटॅशियमचे आयन गोळा होतात. म्हणजे धातू अधिक धन करावा आणि त्याच्याजवळ धनायनांची गर्दी वाढावी! केवळ भाराच्या हिशेबात ही नोंद कोणत्या रकान्यात लिहाल?

पूर्वपक्ष : हिशेब थोडा विस्तारला की लिहिता येते. धातूसमोर भारित कण आला की धातूत त्याची विरुद्ध भाराची प्रतिमा तयार होते आणि ती त्याला ओढते. धातूवर भार नसला तरी ही ओढ असते, आणि तीही वीजच आहे. दुसरे असे की, आयोडाइड पाऱ्यावर बसतो तो पाऱ्याच्या प्रेमामुळेच, असे कशावरून? पाणी त्याला बाहेर ढकलत असेल. मोठा, मऊ आयन पाण्याच्या जाळ्यात अडचण करतो, आणि कुठलीही कड मिळाली की पाणी त्याला तिकडे लोटते. जिथे धातूचे नाव नाही अशा पाणी आणि हवेच्या सीमेवरही आयोडाइड पृष्ठभागाकडे झुकतो, असे संगणकावरच्या गणितांत दिसले आहे. हेक्झाफ्लोरोफॉस्फेटसारखा आयन, ज्याची बाहेरची सगळी बाजू फ्लोरिनने झाकलेली आहे आणि ज्याच्याकडे धातूला द्यायला काही नाही, तोसुद्धा पाऱ्यावर अधिशोषित होतो. इथे कुठे आला तुमचा रासायनिक बंध?

उत्तरपक्ष : दोन आक्षेपांपैकी पहिला फार वेळ टिकत नाही. प्रतिमेच्या ओढीला आयनाचे चिन्ह कळत नाही. धनायनालाही ती तितकीच ओढते. सीझियमचा आयन आणि क्लोराइडचा आयन आकाराने फारसे वेगळे नाहीत, मग दोघांचे अधिशोषण जवळपास सारखे व्हायला हवे होते. पाऱ्यावर सीझियम अगदी क्षीण बसतो, आणि अल्कली धातूंचे त्याहून लहान आयन तर विखुरलेल्या थराच्या गणिताला निमूटपणे मानतात. दुसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि त्यातला बराच भाग मी मान्य करतो. पाऱ्यावरच्या अधिशोषणात पाण्याच्या ढकलण्याचा वाटा आहे, आणि हेक्झाफ्लोरोफॉस्फेटच्या बाबतीत तर तोच मुख्य असावा. केवळ पाऱ्याचा पुरावा घेऊन बसलो, तर पाण्याचा धक्का किती आणि धातूची ओढ किती, हे मला वेगळे करून दाखवता येणार नाही. म्हणून पारा सोडून घन धातूकडे जाऊ, जिथे अणू जागच्या जागी असतात आणि आयन कुठे बसला हे पाहता येते.

चांदीच्या स्फटिकाचा असा तुकडा घ्या, ज्याच्या पृष्ठभागावर अणू चौकटींच्या कागदासारखे मांडलेले आहेत. शेजारच्या दोन अणूंमधले अंतर 0.289 नॅनोमीटर, आणि दर चार अणूंच्या मध्ये एक खळगा. ब्रोमाइडच्या द्रावणात हा तुकडा ठेवून विभव हळूहळू धन बाजूला नेत क्ष-किरणांनी पाहिले, तर काय दिसते ते ओको, वांग आणि वांडलोव्स्की यांनी 1997 साली प्रसिद्ध केले. सुरुवातीला ब्रोमाइड खळग्यांमध्ये इकडे तिकडे विस्कळीत बसलेला असतो. पुढे एका ठराविक विभवाला त्याची एकाएकी मांडणी होते: एक खळगा भरलेला, शेजारचा रिकामा, पुन्हा एक भरलेला, सगळ्या पृष्ठभागभर. ब्रोमाइडचा व्यास 0.39 नॅनोमीटर. लगतच्या खळग्यात दुसरा मावत नाही, तिरकस शेजारच्या खळग्यात, 0.409 नॅनोमीटरवर, मावतो. भार धातूवर पसरलेला असतो. त्याला खळगा आणि उंचवटा यांत एवढी निवड करण्याचे कारण नाही. आयन खळगा निवडतो कारण तिथे चार अणूंशी एकदम सलगी होते. आता तुमच्या पाण्याच्या धक्क्याकडे वळू. पाण्याचा थेंबही नसलेल्या निर्वात पेटीत हाच चांदीचा पृष्ठभाग ठेवून त्यावर ब्रोमीनची वाफ सोडली, तरी एकाआड एक खळग्याची हीच मांडणी तयार होते. ढकलणारे पाणी तिथे नाही, आणि आयन मात्र त्याच जागी जाऊन बसतो.

प्लॅटिनमची साक्षही जवळची आहे. 1980 साली फ्रान्समध्ये क्लाविलिए याने प्लॅटिनमचा एकस्फटिकी तुकडा ज्योतीत तापवून आणि स्वच्छ पाण्याच्या थेंबाने झाकून मोजण्याची पद्धत काढली. तोवरच्या मोजण्यांत पृष्ठभागावरच्या घाणीने बरेच काही झाकून टाकले होते. ज्या पृष्ठभागावर अणू षट्कोनी रचनेत असतात, त्याचे विद्युतप्रवाहाचे आलेख परक्लोरिक आम्लात एक आकार घेतात आणि सल्फ्युरिक आम्लात दुसराच. परक्लोरेट आणि सल्फ्युरिक आम्लात मुख्यत्वे असणारा बायसल्फेट, दोघांवर एकेकच ऋणभार. चौफलकी आकारही सारखा. तरी परक्लोरेट लांब राहतो आणि सल्फेट आपले तीन ऑक्सिजन खाली करून प्लॅटिनमवर बसतो, कारण त्या तिघांचा त्रिकोण खालच्या अणूंच्या त्रिकोणी रचनेशी जुळतो. अशी जुळणी भाराच्या समीकरणात कुठे लिहायची, तेवढे मला सांगा.

पूर्वपक्ष : बरे, बंध आहे असे धरू. पण मग तुम्ही वेगळ्याच अडचणीत सापडता. आयोडाइडने सोन्याशी बंध केला, म्हणजे त्याने आपला इलेक्ट्रॉन काही अंशी सोन्याला दिला. मग तो आयन राहिला का? जर त्याचा भार गेला असेल, तर तुम्ही ज्याला आयनाचे अधिशोषण म्हणता ती खरे तर एक विद्युतरासायनिक अभिक्रिया आहे, आणि आपण दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहोत. आणि जर भार शाबूत असेल, तर बंधाची भाषा पोकळ आहे. शिवाय विभव बदलला की हा थर घट्ट होतो किंवा विरळ होतो, हे तुम्हीच आत्ता सांगितलेत. सोन्यावरचा आयोडीनचा थर विभव वाढवला की दाबल्यासारखा आक्रसतो, हेही क्ष-किरणांनीच दाखवले आहे. हुकूम शेवटी विजेचाच चालतो.

उत्तरपक्ष : विभवाचा हुकूम चालतो, यात वाद नाही. किती आयन बसतील, हे विभव ठरवतो. कोणते बसतील, कुठे बसतील आणि भार उलटा असतानाही का बसतील, हे तो ठरवत नाही. आता भाराचा प्रश्न. धातूवर बसलेल्या आयनाचा भार किती, हे विचारणे स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर थेट मोजता येत नाही. फेटर आणि शुल्ट्झ यांनी 1972 च्या सुमारास एक मोजण्याजोगी राशी पुढे आणली: विभव स्थिर ठेवून एक आयन पृष्ठभागावर बसला, तर बाहेरच्या तारेतून किती भार वाहतो? ही राशी प्रयोगातून मिळते. पण तिच्यात आयनाने खरोखर दिलेला भार, आयन ज्या अंतरावर थांबला ते अंतर आणि हटवलेल्या पाण्याच्या रेणूंची ध्रुवता, असे सगळे एकत्र मुरलेले असते. त्यातून नुसता दिलेला भार वेगळा काढायचा तर काहीतरी प्रतिमान गृहीत धरावे लागते, आणि प्रतिमान बदलले की आकडा बदलतो. त्यामुळे ‘भार गेला की राहिला’ हा तुमचा पेच मला अडवत नाही. मिठाच्या स्फटिकातला सोडियम-क्लोरीन बंध आणि क्लोरीनच्या रेणूतला बंध यांच्यामध्ये हजार पायऱ्या आहेत. धातूवरचा हॅलाइड त्यांतल्या कुठल्यातरी पायरीवर उभा असतो, आणि क्लोराइडपासून आयोडाइडकडे जाताना तो इलेक्ट्रॉन वाटून घेण्याच्या बाजूला सरकत जातो. अधिशोषण आणि अभिक्रिया यांच्यात कुंपण घालायचा आग्रह आपला आहे, पृष्ठभागाचा नाही.

धनायनांकडेही हाच सरकता जिना दिसतो. तांब्याचे आयन तांब्यावर ज्या विभवाला बसायला लागतात, त्याच्या सुमारे 0.2 व्होल्ट आधीच ते सोन्यावर बसतात, आणि तेही एकच थर करून थांबतात. 1974 साली कोल्ब, प्रझास्निस्की आणि गेरिशर यांनी अशा अनेक धातुजोड्या तपासल्या. त्यांना दिसले की हा आगाऊपणा दोन धातूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जांच्या फरकाच्या साधारण निम्मा असतो. भार सगळीकडे तेच काम करत असताना फरक पडतो तो धातूंच्या जोडीने. सल्फेट असलेल्या द्रावणात सोन्यावरच्या या थराच्या पहिल्या टप्प्यावर दोन तृतीयांश जागा तांबे घेते, आणि उरलेल्या एक तृतीयांश जागी सल्फेट बसतो. धन आणि ऋण आयन मिळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकच वीण विणतात.

पूर्वपक्ष : तुम्ही सोयीचे धनायन निवडलेत. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, सीझियम यांचे बोला. ते धातूला भिडत नाहीत, पाण्यासकट बाहेरच उभे असतात, आणि तरी अभिक्रियांची सूत्रे हलवतात. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात कोपर यांच्या गटाने 2021 साली दाखवले की द्रावणात धातूचा धनायनच नसेल, तर सोने, चांदी आणि तांबे यांच्यावर कार्बन डायऑक्साइडचे क्षपण होतच नाही. बंध न करता एवढा प्रभाव! विजेच्या क्षेत्राचा याहून मोठा विजय कोणता?

उत्तरपक्ष : हा प्रयोग मलाही फार मोलाचा वाटतो, आणि अल्कली धनायन सहसा बाहेरच्या रांगेत असतात हेही मान्य. पण त्याच प्रयोगाच्या खोलात गेलो तर तुमचा निनावी आयन तिथेही सापडत नाही. नुसते क्षेत्र पुरेसे असते, तर आम्लातल्या हायड्रोजनच्या धनायनानेही काम भागले असते. ते भागत नाही. शिवाय सीझियम लिथियमपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण त्याचे पाण्याचे कवच सैल आहे: तो कवच अर्धवट बाजूला सारून पृष्ठभागावर वाकलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या ऑक्सिजनला जवळून आधार देऊ शकतो. म्हणजे इथेही प्रश्न तोच येतो, की हा आयन आपले पाणी कितपत सोडायला तयार आहे. उंबऱ्याशी वहाणा काढणारा आत येतो, न काढणारा बाहेर उभा राहतो. पण बाहेर उभा राहणाऱ्यालाही नाव असते. गुई आणि चॅपमनचे गणित मी टाकून देत नाही. ग्रॅहॅमने स्वतः ते ठेवले आणि पृष्ठभागापाशी दोन वेगळी प्रतले मानली: आतले, जिथे पाणी सोडलेले आयन धातूला भिडतात, आणि बाहेरचे, जिथून पुढे विखुरलेला थर सुरू होतो. नुसत्या विखुरलेल्या थरावर भिस्त ठेवली तर 0.5 व्होल्टला पृष्ठभागाजवळची संहती मूळच्या सुमारे 28 कोटी पट निघते. 0.01 मोलर द्रावणासाठी ती लाखो मोलर होईल, आणि शुद्ध पाण्यातसुद्धा लिटरला 55 मोलच पाणी असते. आयनाला अंगाची जाडी आहे, हे 1924 साली स्टर्नला याच कारणाने समीकरणात आणावे लागले. निनावीपणा तिथेच संपला.

हा वाद केवळ पाऱ्याच्या थेंबांपुरता असता, तर मी त्यात इतका जीव ओतला नसता. तांब्याच्या प्लेटिंगचा बाथ पाहा. कॉपर सल्फेट, सल्फ्युरिक आम्ल, आणि लिटरला 50 मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड. मुद्रित सर्किटच्या बारीक छिद्रांत तांबे सारखे बसावे म्हणून त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालतात. हा रेणू पृष्ठभाग झाकून तांबे बसण्याचा वेग आवरतो. क्लोराइड काढून घेतला तर ग्लायकॉलचे हे आवरणे जवळजवळ बंद पडते. इथे पुष्कळांचा एक घोटाळा होतो: तांबे कॅथोडवर बसते, कॅथोड ऋण, मग ऋण क्लोराइड तिथे कसा? कॅथोड हे नाव प्रवाहाची दिशा सांगते. पृष्ठभागावरचा भार त्या धातूच्या शून्यभार विभवापासून मोजावा लागतो, आणि आयन बसले की तो विभवही हलतो, हे आपण आयोडाइडपाशी पाहिलेच. म्हणून बाथची रचना करणाऱ्याला भाराच्या चिन्हावरून उत्तर मिळत नाही. क्लोराइड आणि तांबे यांचे नाते विचारात घ्यावे लागते. क्लोराइड तांब्यावर चांदीवरच्या ब्रोमाइडसारखीच एकाआड एक मांडणी करतो. वेगवान सूक्ष्मदर्शकाखाली तांब्याच्या पायऱ्या वाढताना पाहिल्या, तर तांब्याचे नवे अणू क्लोराइडच्या खाली येऊन बसतात आणि क्लोराइडचा थर वरच्या वर तसाच राहतो. लोखंडावरही असेच दिसते. आम्लात गंज आवरायला चतुर्थक अमोनियमचे धनायन घातले तर एकटे ते फारसे टिकत नाहीत. थोडा पोटॅशियम आयोडाइड घातला की आयोडाइड आधी लोखंडावर बसतो, आणि त्याच्या ऋणभारावर ते धनायन येऊन घट्ट थर धरतात. इथे पूर्वपक्षाचे आकर्षण खरेच कामाला येते, पण ते लोखंडाचे नसते. आयोडाइडने बंध करून जी नवी जमीन तयार केली, तिचे असते.